केसच्या आधीचं

"बाई, हे केसला लागतं का हो?"

वही माझ्या हातात द्यायच्या आधी तिनं हे विचारलं, आणि पान दोन्ही तळव्यांनी झाकून धरलं. आमच्या जिल्ह्याच्या कारागृहातला महिला विभाग, भर दुपार. चैत्र संपत आलेला, म्हणजे आमच्या खान्देशात भिंतीला पाठ टेकली तरी चटका बसावा असे दिवस. मी तिथल्या बायकांसाठी लिहिण्याचा वर्ग घेते, त्यासाठी अंगणातल्या निंबाखाली सतरंजी टाकून आम्ही बसलो होतो. फिनेलचा वास, वाळत घातलेल्या गोधड्यांचा वास, कुणाच्या तरी केसांतलं कॅन्टीनचं खोबरेल. पेनं मी मोजून दिली होती आणि मोजून परत घ्यायची होती. ही मुलगी बावीस-तेवीस वर्षांची, बारावी झालेली, कच्ची कैदी. मी म्हटलं, नाही लागत. पण आवाज हवा तितका ठाम निघाला नाही आणि ते तिच्या लगेच लक्षात आलं. "मग वाचून दाखवते फक्त," ती म्हणाली. वाचलं, पान फाडलं, त्याची बारीक घडी करून ब्लाउजात खोवली आणि शेजारणीच्या वहीत डोकावून तिच्या वेलांट्या दुरुस्त करत बसली.

प्रश्न माझ्याबरोबर घरी आला. रात्री एका वकील मैत्रिणीला फोन केला. "कवितेवरून कुणाला शिक्षा झालेली मी तरी पाहिली नाही," ती म्हणाली, "पण त्या दिवसाचं काही लिहू देऊ नकोस. तारीख नको, नाव नको, कोण कुठे उभं होतं ते नको. सरकारी वकिलाला एक दोरा सापडला तरी तो त्याचा शालू विणतो." पत्रं वाचली गेल्याशिवाय बाहेर पडत नाहीत, झडतीत वह्याही चाळल्या जातात, हे बायकांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तेव्हा पुढच्या खेपेला मी नियमच सांगून टाकला: ज्यासाठी इथे आलात त्याबद्दल एक अक्षर लिहायचं नाही. सगळ्यांचे खांदे एकदम सैल झाले. मला वाटलं, आता निंब येईल, चिमण्या येतील, मुलाखतीची जाळी, घरी राहिलेली लेकरं येतील. आलंही थोडं. पण बहुतेक जणी तिथे थांबल्याच नाहीत. मागे गेल्या, पार मागे, सात-आठ वर्षांच्या वयापर्यंत. विचार केल्यावर त्यात फार नवल वाटेना. फिर्याद सुरू होते ती तारीख, वेळ आणि ठिकाणापासून. त्याआधी ही बाई कोण होती, याचा रकाना कुठल्याच कागदावर नसतो. ठाण्यात कुणी विचारलेलं नसतं, वकिलाला तेवढा वेळ नसतो, आणि कोर्टात गेलं की बहुधा पुढची तारीखच मिळते. देशभरातल्या तुरुंगांत दर चारातले जवळजवळ तीन असे कच्चेच. निकाल लागेतो बाईचं सगळं आयुष्य केसमध्ये जमा. बालपण तेवढं बाहेर राहिलेलं.

आत ओळखसुद्धा कलमानं होते. जुन्या बायका "तीनशे दोन" म्हणतात. १ जुलै २०२४ पासून न्याय संहिता लागू झाली, त्यानंतरच्या गुन्ह्यात आलेल्या "एकशे तीन" म्हणतात. आरोप एकच, खुनाचा. यावलकडची एक आजी आहे, ती "चारशे अठ्ठ्याण्णव आणि तीनशे चार ब"ची. म्हणजे सुनेच्या मृत्यूच्या केसमधली सासू. सत्तरीच्या आसपासची, कपाळावर मोठं गोंदण, कमरेत वाकलेली, पण आवाज खणखणीत. तिला लिहिता येत नाही. ती म्हणते आणि ही बारावी झालेली मुलगी लिहून घेते. एका दुपारी आजीनं म्हटलं ते असं:

नऊ वर्साची नवरी, मांडवात गं पेंगली
मामाच्या कडेवरून बोहल्यावर गं गेली

सासूच्या हातामंधी चुलीचं फुकनं
कोनाला दावू माय, पाठीचं दुखनं

ऐकताना बायका डोलत होत्या. एकीनं पदरानं डोळे पुसले. आजीनं पुढच्या ओवीसाठी श्वास घेतला तेवढ्यात मागून कुणीतरी, अगदी सहज, कांद्याचा भाव विचारावा तसं विचारलं, "मग आजी, तुमच्या सुनेचं काय झालं?" आजी थांबली. त्या दिशेनं मान वळवून म्हणाली, "माझी केस चालू हाये ना, माय."

कुणी हसलं नाही. ओव्याही पुढे झाल्या नाहीत.

मी त्या संध्याकाळी एसटीत खिडकीशी बसून हेच घोळवत होते. माझीही लेक सासरी आहे. पहिल्या दोन ओळींना मला त्या पेंगलेल्या पोरीला कडेवर घ्यावंसं वाटलं होतं, आणि आजीच्या त्या उत्तरानंतर तिच्याकडे बघवत नव्हतं. आरोप खरा की खोटा ते कोर्ट ठरवील. पण पाठीवरचे वळ खरे असणार, खोटं सांगताना कुणाचा आवाज असा लागत नाही. मार खाल्लेली पुढे मारते, हे स्पष्टीकरण फार सोयीचं आहे. मला ते पटत नाही. माझ्या आजीनंही फुकणीचा मार खाल्ला होता, आणि माझ्या आईवर तिनं उभ्या जन्मात हात उगारला नाही. मग एकीत ते विझतं आणि दुसरीत का पेटत राहतं, याचं उत्तर ओवीत नाही. ओवीनं ते द्यावं अशी अपेक्षाही मी सोडून दिली आहे.

एक मात्र दिसलं. आजीला तिच्या दुःखासाठी शब्द शोधावे लागले नव्हते. चाल आयती होती, "माय" ही हाक आयती होती, ऐकणाऱ्यांनी कुठे मान हलवायची तेही ठरलेलं होतं. सासू, जाऊ, नणंद, चूल, पाणी, पाठीवरचा मार यांना जात्यावर पिढ्यान्‌पिढ्या जागा आहे. आम्ही तर बहिणाबाईंच्या मुलखातले. १८८० साली असोद्याला जन्मलेल्या, तेराव्या वर्षी लग्न झालेल्या, अक्षरओळख नसलेल्या त्या बाईचं बोलणं मुलानं, सोपानदेवांनी, आणि नात्यातल्या पीतांबर चौधरींनी वेळेवर टिपून ठेवलं म्हणून त्या गेल्यावर, १९५२ साली, ते पुस्तकात आलं. कुणीतरी शेजारी बसून लिहून घेणारं असलं पाहिजे, हे इथल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. बराकीत तर ते आपोआप जमून आलं होतं. धडगावकडची एक पावरा बाई आहे, तिची पावरी आमच्यात कुणालाच धड येत नाही. तिचं एका भिल्ल बाईनं ऐकायचं, तिनं अहिराणीत सांगायचं आणि ह्या मुलीनं मराठीत उतरवायचं. ऊसतोडीसाठी गुजरातेत गेलेल्या आईबापांच्या मागे कडेवरचा भाऊ सांभाळणारी सहा वर्षांची पोर त्या वाटेनं कागदावर आली. येईतो तिचं गाणं मात्र वाटेतच राहिलं. ती बाई आमची खटपट बघून पोट धरून हसायची.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली म्हणून मी विषय दिला: आखाजी. खान्देशात याहून सोपा विषय नाही असं मला वाटत होतं. सासरच्या लेकी माहेरी येतात, गौराई बसते, घागर पुजतात, खापरावरचे मांडे आणि आमरस, आणि गावातल्या प्रत्येक दणकट फांदीला झोका. गाणी तर इतकी की बायकांना आठवायलाही लागत नाहीत, तोंडात येतातच. वर्गात गलका झाला. पावरा बाईसुद्धा काहीतरी गुणगुणायला लागली. दोघी-तिघी मात्र पेन हातात धरून नुसत्या बसून राहिल्या, त्यात ही मुलगी. मी जवळ गेले तर म्हणाली, "बाई, माहेरचं सोडून दुसरं काही द्या ना."

तिथे मला कळलं की आमच्या साऱ्या गाण्यांचा नकाशा एकाच बाजूचा आहे. छळ सासरी, माया माहेरी. ओवी रडते ती सासरच्या उंबऱ्यात, आणि तिचे डोळे लागलेले असतात माहेरच्या वाटेकडे, भावाच्या गाडीकडे. ज्या पोरीला ती वाटच नको आहे, भाऊ किंवा काका किंवा बाप आणायला आला की जिच्या पोटात गोळा येतो, तिनं आखाजीला काय गावं? तिच्यासाठी चाल नाही. "काय सांगू माय" असं म्हणायची सोय नाही, कारण मायला सांगूनच झालेलं असतं आणि मायनं ओठांवर बोट ठेवलेलं असतं. म्हणून या मुली लिहितात ते तुटक, यमक नसलेलं, मध्येच संपणारं असतं. ते शहरी मुक्तछंद वाचून आलेलं नाही. त्यांना गायला दिलेलं काही नव्हतं, म्हणून.

मधल्या काळात मी त्यांना साने गुरुजी वाचून दाखवत होते. अंमळनेरच्या शाळेत शिकवणारे गुरुजी आमच्याकडे घरचेच. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरची प्रवचनं त्यांनीच उतरवून घेतली. पुढच्या वर्षी नाशिकच्या तुरुंगात ९ ते १३ फेब्रुवारी अशा अवघ्या पाच दिवसांत 'श्यामची आई' लिहून काढलं. तुरुंगातल्या माणसाला बालपण आठवतं, आणि ते इतक्या वेगानं बाहेर येतं, याचा याहून मोठा दाखला कुठला द्यायचा, असा माझा मास्तरी हिशेब. श्याम पोहायला जायचं टाळतो, लपून बसतो, आई त्याला शिंपटीनं झोडपते आणि विहिरीवर धाडते, तो भाग वाचला. वाचून झाल्यावर मी डोळे पुसत होते, तिसरीतून शाळा सुटलेली एक बाई शांतपणे म्हणाली, "मारलं ते मारलं, पण का मारलं ते त्याला माहीत होतं." बाकीच्यांनी माना हलवल्या. मी ते पुस्तक मुलांना किती वर्षं शिकवलं, हे वाक्य मला कुठल्या मार्गदर्शिकेत सापडलं नव्हतं.

लहानपणी उन्हाळ्यात आम्ही सगळी भावंडं आजोळच्या धाब्यावर झोपायचो. धाबं म्हणजे घराचं मातीचं सपाट छत, संध्याकाळी त्यावर पाणी शिंपडलं की वाफ यायची आणि मग रात्रभर गार. ओळीनं गोधड्या. वर चांदण्या, खाली गोठ्यात बैलाच्या घंटेचा मधूनच आवाज. कडेची जागा सगळ्यांना हवी असायची, तिथं वारा लागतो. एक मामेबहीण मात्र रोज मधल्या जागेसाठी भांडायची, दोन्ही बाजूंना माणूस पाहिजे म्हणायची. भुतांना भिते म्हणून आम्ही तिला चिडवत असू. आजी काही न बोलता तिची गोधडी मध्ये टाकायची आणि कधी कधी स्वतः तिच्या पायथ्याशी आडवी झोपायची, सबंध रात्र. आजीनं तिला काही विचारल्याचं मला आठवत नाही. कुणाला काही सांगितल्याचंही नाही. ती बहीण आता आजी झाली आहे, नाशिकला असते, आमचं बोलणं लोणच्या-पापडाचं. निंबाखाली बसलं की मला ती आडवी झोपलेली आजी आठवते, आणि दर वेळी ठरत नाही की तिचे पाय धरावेत की तिला गदागदा हलवून उठवावं. तिनं पोरीला वाचवलं, आणि गप्प राहून त्या दुसऱ्या कुणालातरीही वाचवलं.

त्या पहिल्या दुपारी मुलीनं वाचून दाखवलं ते एवढंच होतं. पान तिनं फाडलं, पण पुढे कधीतरी पुन्हा लिहिलं, जवळपास तसंच. नाव-गाव न टाकता बाहेर कुठंही द्या, असं म्हणाली म्हणून इथे देते.

आमच्या घराला आतून कडी होती
उंच
माझा हात पोचायचा नाही
त्याचा पोचायचा

इथं बाहेरून कुलूप लावतात
मला झोप लागते

"त्याचा" म्हणजे कुणाचा, हे मी विचारलं नाही. आजीच्या आणि माझ्या न विचारण्यात फरक किती, हे मला अजून सांगता येत नाही.

लिहिल्यानं मन मोकळं होतं, असं लोक मला ऐकवतात, आणि ते अगदीच खोटं नाही. १९८६ साली अमेरिकेत जेम्स पेनबेकर यांनी कॉलेजच्या मुलांना ओळीनं चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या सगळ्यात दुखऱ्या गोष्टीवर लिहायला लावलं. पुढच्या महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. हे सगळे सांगतात. त्याच प्रयोगातला दुसरा भाग कमी सांगितला जातो: लिहून उठल्या उठल्या त्या मुलांना बरं नाही, वाईट वाटलं होतं. पण ती मुलं उठून आपापल्या खोलीवर गेली असतील, मित्राकडे गेली असतील, चहाला गेली असतील. इथे दिवेलागणीच्या आतच गिनती होते, बराक बंद होते, आणि उकरून काढलेलं सगळं घेऊन बाईला दुसऱ्या सकाळपर्यंत त्याच चार भिंतींत पडून राहायचं असतं. शेजारी झोपलेली कोण, तर जिच्याशी काल बादलीवरून भांडण झालं ती. म्हणून आता मी शेवटची पंधरा-वीस मिनिटं लिहू देत नाही. गाणी, कोडी, उखाणे, भाजी कशी करायची, असलं काहीतरी चालतं. वर्ग मोकळ्या मनानं सुटो न सुटो, निदान हसत सुटतो.

बालपणीच्या आघातांचा सगळ्यात गाजलेला अभ्यास १९९८ साली आला, फेलिटी आणि अँडा या डॉक्टरांचा. मार, लैंगिक छळ, घरातलं दारूचं व्यसन, आईला होणारी मारहाण, अशी त्यात यादी आहे, आणि यातलं जितकं जास्त वाट्याला येतं तितके मोठेपणीचे आजार वाढतात, असं त्यांना आढळलं. त्या यादीत एक गोष्ट अशी आहे की ती वाचताना मी चष्मा काढून ठेवला: घरातलं माणूस तुरुंगात जाणं. आमच्या वर्गात एक साडेचार वर्षांचा मुलगाही असतो, आईच्या मांडीवर. सहा वर्षांपर्यंत मूल आईपाशी राहू शकतं; सर्वोच्च न्यायालयानं २००६ साली त्याचे नियम घालून दिले, तुरुंगात मूल जन्मलं तर दाखल्यावर जन्मठिकाण म्हणून तुरुंग लिहायचा नाही, हेही सांगितलं. हा मुलगा सगळ्यांचा लाडका आहे. आई कोर्टात गेली की विचारणाऱ्याला सांगतो, "आई तारखेला गेली," आणि मला खात्री आहे की पाचोरा-चाळीसगाव असतं तसं तारीख हे त्याच्या लेखी एक गाव आहे. रोज संध्याकाळी जमादारीणबाईंच्या आधी तोच गिनती करतो. बोट दाखवत, अकरापर्यंत बरोबर, पुढे मनाला येईल तसं. बायका त्याच्यासमोर शिस्तीत ओळीनं बसतात. त्याची आई हसत नाही. तिला ठाऊक आहे की तो सहा वर्षांचा व्हायला किती महिने उरले आणि तिच्या केसमध्ये किती साक्षीदार.

आठ मार्चच्या कार्यक्रमासाठी या कवितांची पुस्तिका काढावी, असं आम्हाला आत नेणाऱ्या मंडळींच्या मनात आलं. माणसं चांगली आहेत, मळ्यातली केळी विकून आलेल्या पैशातून वह्या-पेनं देतात. पण त्यांनी निवडलेल्या कवितांची यादी बघितली आणि मला घेरी आली. एकूण एक रडणाऱ्या. कडीची कविता पहिल्या पानावर, कार्यक्रमात एका कॉलेजच्या मुलीनं ती वाचायची, मागे बासरी. भांडणाच्या कविता नाहीत, टीव्हीवरच्या मालिकेतल्या सुनेला दिलेल्या शिव्या नाहीत, पाणचट वरणाची आरती नाही. पाहुण्यांना रडायला मिळालं पाहिजे, हे कुणी म्हटलं नाही, पण ते टेबलावर ठेवलेलं होतं. मी म्हटलं, ज्यांच्या कविता त्यांना विचारा. आजीला विचारलं तर तिनं ओव्या घाला म्हणून सांगितलं, वर जावयालाही एक प्रत पाठवा म्हणाली. कडीवालीनं मान हलवली. इथल्या कार्यक्रमात नको. साहेब येतील, गावचं कुणी असेल. माझी दुसरी घ्या.

दुसरी म्हणजे फौजदारी डाळीची. झणझणीत मिश्र डाळींचं वरण हे, आमच्या खान्देशातलं, आणि बराकीत या नावावर रोज नवा विनोद होतो. तिची कविता चांगली लांब आहे. त्यात तूर, मूग, उडीद, मसूर सगळ्या डाळींना अटक होते, काळा मसाला माफीचा साक्षीदार होतो, कांदा उलटतपासणीत रडतो, आणि शेवटी सगळ्यांना एकाच पातेल्यात जन्मठेप. वर्गात ती इतक्या वेळा वाचून झाली आहे की पावरा बाईलाही पाठ आहे. मंडळी जरा हिरमुसली. बासरी तिथे बसत नव्हती. नाव काय टाकायचं, असं विचारलं तर मुलगी म्हणाली, "नुसतं नाव. मधलं नको, आडनाव नको."

प्रुफं घेऊन मी गेले तर निंबाखाली वेगळाच खटला उभा. यावलच्या आजीचं म्हणणं, फौजदारी डाळीत मसूर घालतच नाहीत, ही पोर शिरपूरकडची, तिला काय कळतंय. शिरपूरवाल्या तिघींनी एकदम आवाज चढवला. जमादारीणबाई चाळीसगावच्या, त्या दारातूनच म्हणाल्या, मसूर पाहिजेच, पण उडीद नको. मुलगी पेन मागत होती, मसूर राहू दे म्हणून समासात लिहायचं होतं तिला, आणि आजी मागून ओरडत होती की मग खाली टीप टाका, आजीला हे मंजूर नाही.